डिस्पॅचचा पीसी ओरडतोय, पण वर्म बसलाय कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं एक वर्कशॉप. ऑफिस आणि शॉप फ्लोअर मिळून नऊ पीसी आणि एक छोटा सर्व्हर. डिस्पॅचच्या विंडोज टेन पीसीवर अँटिव्हायरस दर अर्ध्या-पाऊण तासाने ‘कॉन्फिकर सापडला, काढून टाकला’ असं सांगतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. कॉन्फिकर हा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून स्वतःच एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरणारा व्हायरस. सकाळी कामावर आल्यावर दोन-तीन जणांची लॉगिन लॉक झालेली असतात. क्वालिटी रूममध्ये सीएमएमला, म्हणजे मोजमापाच्या मशीनला, जोडलेला एक जुना विंडोज एक्सपी पीसी आहे. त्याच्या सॉफ्टवेअरची सीडी कुणाकडेच नाही, त्यामुळे फॉरमॅटचं नाव काढायचं नाही. आणि विचारलंय ते असं, की डिस्पॅचच्या पीसीमधून हा वर्म हाताने कायमचा कसा काढायचा, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, नेमकं कुठे जायचं?

रजिस्ट्रीत कुठे जायचं ते सांगतोच, पण डिस्पॅचच्या पीसीत तिथे बहुधा काहीच सापडणार नाही. त्याच्यावर कुणीतरी दगड मारतंय आणि तो दर वेळी ‘दगड आला, झेलला’ एवढंच सांगतोय. अँटिव्हायरसने फाइल पकडली, पुसली, त्याचं काम झालं. अर्ध्या तासाने तीच फाइल दिसते, कारण ती बाहेरून नव्याने येते. दगड मारणारा शोधायच्या आधी डिस्पॅचचा पीसी साफ करत बसणं म्हणजे गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलेलं असताना सराफ बाजारातलं दुकान पुसायला घेणं.

संशय कुणावर, हे तुम्ही स्वतःच प्रश्नात लिहून ठेवलंय. क्वालिटी रूममधला एक्सपी. त्याच्यावर अँटिव्हायरस आहे का, असेल तर शेवटचा अपडेट कधीचा, याबद्दल तुमच्या प्रश्नात अक्षर नाही. पंचवीसेक वर्षं सातपूर आणि अंबडच्या शॉपमध्ये ही कामं करतोय, आणि अनुभव असा की जे मशीन बोंब मारतं त्याच्यावर पहारा जागा असतो. ज्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नसते तिथे आधी जावं.

हा नुसता अंदाज नाही, त्याला कारण आहे. कॉन्फिकर पहिल्यांदा दिसला नोव्हेंबर २००८ मध्ये. तो शिरायचा विंडोजच्या सर्व्हर नावाच्या सर्व्हिसमधल्या (सर्व्हिस म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम) एका खिंडारातून, ४४५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या नंबरवाल्या दारावर. ते खिंडार बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ लाच दिला होता, एमएस०८-०६७ या नावाने. म्हणजे औषध आधी आलं, रोग नंतर, आणि तरीही जगभर लाखो मशीन गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने कर्त्याला पकडून देणाऱ्यासाठी अडीच लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं. पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. विंडोज सेव्हन आणि त्याच्या पुढच्या विंडोजमध्ये ते खिंडार नाहीच. मग तुमच्या विंडोज टेनवर फाइल उतरते कशी?

कॉन्फिकरच्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्याला आणखी दोन वाटा मिळाल्या. एक पेनड्राइव्ह. दुसरी पासवर्ड. तो नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनच्या लपलेल्या अॅडमिन शेअरवर जातो आणि आपल्याजवळच्या यादीतले पासवर्ड एकामागून एक लावून पाहतो: अॅडमिन, १२३४५, पासवर्ड असले. तुमची लॉगिन सकाळी लॉक सापडतात ती यामुळेच, रात्रभर कुणीतरी चुकीचे पासवर्ड मारत बसलेलं असतं. आणि पासवर्ड न ओळखताही त्याला आत जाता येतं. बाधा झालेल्या मशीनवर जो लॉगिन करून बसलाय, त्याच्या अधिकाराने तो दुसऱ्या मशीनवर फाइल ठेवतो आणि तिथे शेड्यूल्ड टास्क लावून ती चालवायला बघतो. सीएमएमच्या पीसीवर कुणी डोमेनच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनवर चालणाऱ्या, अॅडमिन खात्याने लॉगिन करून ठेवलंय का, हे आज जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी ‘सॉफ्टवेअर त्याशिवाय चालत नाही’ म्हणून तेच केलेलं असतं. मराठीत वर्मावर बोट ठेवणं म्हणतात, ते इथे ठेवायचं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. मी सरसकट हाताने वर्म काढायच्या बाजूचा नाही. ज्या पीसीवरून बँकेचे व्यवहार होतात, जीएसटी भरला जातो किंवा डिजिटल सहीचं टोकन लागतं, तो बाधित निघाला तर मी डेटा बाजूला काढून सरळ फॉरमॅट मारतो, मालक कितीही कुरकुरले तरी. वर्मने आणखी काय आणून ठेवलंय याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, आणि विंडोज टेन पुन्हा टाकायला दोन तास लागतात. हाताने साफ करायचं ते दोनच गोष्टी जुळल्यावर: वर्म ओळखीचा आहे आणि मशीन पुन्हा उभं करता येणार नाही. तुमचा सीएमएमचा पीसी या खान्यात बसतो.

कामाची सुरुवात खात्री करण्यापासून. सर्व्हर डोमेन कंट्रोलर असेल, म्हणजे सगळ्यांची लॉगिन तोच तपासत असेल, तर त्याच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० नंबरची घटना शोधा. खातं लॉक झाल्याची ती नोंद असते आणि तिच्यात ‘कॉलर कॉम्प्युटर नेम’ म्हणून मशीनचं नाव येतं. लॉगिन कुणाचं लॉक झालं याला महत्त्व देऊ नका, कुठून झालं ते कागदावर लिहा. मग संशयित मशीनवर जाऊन कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट, म्हणजे चालू जोडण्यांची यादी दाखवणारी कमांड, चालवा, ए, एन आणि ओ हे तीन स्विच लावून. कुणी काही करत नसताना वेगवेगळ्या आयपीच्या ४४५ पोर्टकडे ओळीने ‘सिन सेंट’ (जोडणी मागितली, उत्तर आलं नाही) लिहिलेल्या नोंदी दिसल्या तर हे मशीन दारोदार कडी वाजवत फिरतंय. तिसरी चाचणी त्याहून सोपी: त्या पीसीवरून बाकीच्या साइट उघडतात, पण मायक्रोसॉफ्टची आणि अँटिव्हायरस कंपन्यांची साइट उघडत नाही. होस्ट्स फाइल, जिच्यात साइटचे पत्ते हाताने लिहून ठेवता येतात, ती उघडून बघाल तर स्वच्छ असेल. हा अडथळा वर्म मेमरीत बसून घालतो, फाइलमध्ये लिहून नाही.

स्वच्छ लॅपटॉपवर एनमॅप हे नेटवर्क तपासायचं टूल असेल तर त्यात कॉन्फिकर ओळखायची तयार स्क्रिप्ट आहे. तिची गंमत अशी, की हा वर्म ज्या खिंडारातून आत येतो ते आत आल्यावर स्वतःच मेमरीत बुजवतो, दुसरा कुणी येऊ नये म्हणून, आणि आपल्या भाऊबंदांसाठी तेवढी फट ठेवतो. ही डागडुजी मूळ पॅचसारखी तंतोतंत नसल्यामुळे बाहेरून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर थोडं वेगळं येतं, आणि त्यावरून चोर पकडता येतो. स्क्रिप्टने ‘स्वच्छ’ म्हटलं म्हणून निर्धास्त राहू नका, पण ‘बाधित’ म्हटलं तर माना.

यातलं काहीच हाताशी नसेल तर जेवणाच्या सुट्टीत स्विचसमोर उभे राहा. २००९ च्या द्राक्ष सीझनमध्ये पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये मी हेच केलं होतं. कंटेनर भरायचे होते, लेबल छापणारे पीसी रडत होते, आणि मी दोन दिवसांत आठ मशीन साफ करून हुशारी मारत होतो. तिसऱ्या दिवशी सगळं परत. दुपारी सगळे डबे उघडून बसले असताना सोळा पोर्टच्या स्विचकडे लक्ष गेलं. सगळे दिवे संथ लुकलुकत होते, अकरा नंबरचा मात्र थरथरत होता, एक क्षणही न थांबता. ती केबल भिंतीतून कुठे जाते ते तिथल्या कुणालाच सांगता येईना. शेवटी केबल हाताने चाचपत गेलो, ती कुठे निघाली ते शेवटी सांगतो.

आता साफसफाई. पहिलं काम सीएमएमच्या पीसीची नेटवर्क केबल काढणं. डिसेबल करणं नव्हे, काढून टेबलावर ठेवणं. तो एक्सपी पुन्हा नेटवर्कला लागेल तो सगळ्यात शेवटी, आणि माझं ऐकाल तर कधीच नाही. केबल काढून एक दिवस थांबा. डिस्पॅचच्या पीसीवरची बोंब थांबली आणि लॉगिन लॉक व्हायची बंद झाली तर निदान पक्कं. थांबली नाही तर आणखी कुणीतरी आहे, आणि तोही ४७४० मध्ये सापडेल.

दुसरं काम, ज्याचा कंटाळा करू नका: हार्ड डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत. अशा पीसीत बहुधा जुनी चाळीस किंवा ऐंशी जीबीची डिस्क असते आणि ती पंधरा-वीस वर्षं फिरतेय. वर्म काढताना ती मेली तर दोष तुमच्यावर येणार. डिस्क बाहेर काढा, यूएसबी कन्व्हर्टरने स्वच्छ पीसीला जोडा, क्लोनझिलासारख्या टूलने इमेज घ्या आणि ती इमेज मालकांच्या कपाटात ठेवा.

डिस्क बाहेर काढलेलीच आहे तर तिथेच ताज्या अँटिव्हायरसने ती स्कॅन करा. या अवस्थेत वर्म झोपलेला असतो, स्वतःला लपवू शकत नाही. पण ‘सापडेल ते काढून टाक’ असं सांगू नका, फक्त अहवाल मागा. सीएमएमच्या सॉफ्टवेअरच्या डोंगलचे, म्हणजे लायसन्सच्या किल्लीचे, जुने ड्रायव्हर अँटिव्हायरसला संशयास्पद वाटतात. एका ठिकाणी मी हे विसरलो. वर्म गेला आणि त्याच्याबरोबर मशीनचं लायसन्सही गेलं. इमेज होती म्हणून वाचलो. अहवालात सिस्टिम ३२ फोल्डरमधल्या ज्या डीएलएल फाइलवर कॉन्फिकरचा शिक्का असेल तिचं नाव आणि पूर्ण पाथ लिहून घ्या. नाव बहुधा अर्थहीन अक्षरांचं असतं.

तिसरं काम सामान गोळा करण्याचं. स्वच्छ पीसीवरून मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमधून एक्सपीचे पॅच उतरवा: एमएस०८-०६७ साठी केबी९५८६४४, २०१७ च्या खिंडारासाठी (वॉनाक्रायवालं, पुढे येतंय) केबी४०१२५९८, आणि ऑटोरनवर, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच आपोआप सुरू होण्यावर, लगाम घालणारे केबी९६७७१५ व केबी९७१०२९. सर्व्हिस पॅक ३ आहे ना, ते विनव्हर कमांडने बघा. नसेल तर आधी तो लागेल. हे सगळं पेनड्राइव्हवर नाही, सीडीवर बर्न करा. एकदा बर्न केलेल्या सीडीवर वर्मला स्वतःची प्रत ठेवता येत नाही, पेनड्राइव्हवर तो पहिल्याच सेकंदाला ठेवेल.

आता डिस्क परत जागेवर लावून पीसी चालू करा. लॉगिन लोकल अॅडमिनिस्ट्रेटरने, डोमेनच्या खात्याने अजिबात नाही. सेफ मोडचा आग्रह धरू नका, नंतरच्या आवृत्त्यांनी रजिस्ट्रीतली सेफ बूटची नोंदच उडवलेली असते आणि तुम्ही निळ्या स्क्रीनकडे बघत बसाल. सर्व्हिसेसमध्ये जाऊन सर्व्हर आणि टास्क शेड्यूलर या दोन सर्व्हिस थांबवा. टास्क शेड्यूलरच्या फोल्डरमध्ये ‘एटी’ने सुरू होणारी नंबरवाली कामं दिसतील, ती सगळी काढा. मग पॅच टाका. पॅचने वर्म निघत नाही, दार बंद होतं इतकंच.

आणि आता तुम्ही विचारलेली जागा. रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकेएलएम (एचकी लोकल मशीन), सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, आणि त्याखाली एसव्हीसीहोस्ट. उजवीकडे ‘नेटएसव्हीसीज’ नावाची नोंद दिसेल. आधी ही की एक्स्पोर्ट करून ठेवा, मग नोंदीवर डबल क्लिक करा. एका ओळीत एक अशी सर्व्हिसची यादी उघडेल. वर्मच्या जुन्या आवृत्तीत त्याचं नाव तळाशी, काहीतरी अगम्य अक्षरांचं असतं. नंतरच्या आवृत्तीत ते यादीत मध्येच, खऱ्या सर्व्हिससारखं दिसणारं असू शकतं. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या एखाद्या स्वच्छ एक्सपीवरची तीच यादी छापून आणा आणि ओळीला ओळ लावा. जास्तीची सापडली की तिचं नाव लिहा, मगच ओळ काढा. चुकून खऱ्या सर्व्हिसची ओळ काढलीत तर नंतर दोन दिवस नेटवर्क का चालत नाही म्हणून डोकं धराल.

तेच नाव आता एचकेएलएम, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस या जागी शोधा. सापडेल, पण त्याच्या आत काही दिसणार नाही, ‘उघडता येत नाही’ असा निरोप येईल. बरेच जण इथे हात टेकतात. वर्मने त्या की वरचे सगळ्यांचे अधिकार काढून फक्त सिस्टिम खात्याला ठेवलेले असतात. राइट क्लिक, परमिशन्स, अॅडमिनिस्ट्रेटर्सना फुल कंट्रोल, मग एफ फाइव्ह दाबा. आतमध्ये पॅरामीटर्स नावाची की उघडेल आणि तिथे ‘सर्व्हिस डीएलएल’ समोर फाइलचा पाथ. तुम्ही स्कॅनच्या अहवालातून लिहून घेतलेला पाथ हाच असला पाहिजे. जुळला तर ती सर्व्हिसची की पुसा. न जुळला तर थांबा, आपण दोन वेगळ्या पाहुण्यांच्या मागे आहोत. त्यानंतर एचकेसीयू (एचकी करंट युजर) आणि एचकेएलएम दोन्हीकडच्या ‘रन’ कीमध्ये बघा, रनडीएलएल३२ त्याच फाइलला हाक मारत असेल तर ती नोंदही काढा.

इथे एक इशारा, आमच्याच एका पोराच्या कृपेने शिकलेला. त्याने टास्क मॅनेजर उघडला, एसव्हीसीहोस्ट नावाच्या सहा प्रोसेस दिसल्या, आणि ‘भाऊ, व्हायरस सहा जागी आहे’ म्हणत एकेक मारायला सुरुवात केली. तिसऱ्याला साठ सेकंदांत पीसी बंद होणार अशी खिडकी आली. अकाउंटंट काका अर्धं व्हाउचर टाकून चहाला गेले होते. एसव्हीसीहोस्ट म्हणजे एसटी बस समजा. तिच्यात डझनभर खऱ्या सर्व्हिस तिकीट काढून बसलेल्या असतात आणि वर्म फुकट्या प्रवासी म्हणून मध्ये घुसलेला असतो. फुकट्याला उतरवायचं, बस जाळायची नाही. ती साठ सेकंदांची खिडकी आलीच तर शटडाउन कमांडला ए स्विच लावून ती थांबवता येते.

रिस्टार्ट करा. आता फाइल वापरात नाही, पुसता येईल. दिसत नसेल तर तेही त्याचंच काम. लपलेल्या फाइल दाखवायचा पर्याय तुम्ही निवडता आणि तो पुन्हा मागे जातो, कारण रजिस्ट्रीत ‘शो ऑल’च्या कीमधली ‘चेक्ड व्हॅल्यू’ त्याने शून्य केलेली असते. ती १ करा. फाइलवरही अधिकारांचा तोच खेळ असेल, ओनरशिप घेऊन पुसा. त्याने बंद पाडलेल्या सर्व्हिस परत चालू करा: ऑटोमॅटिक अपडेट्स, बिट्स (अपडेट मागे उतरवणारी), सिक्युरिटी सेंटर, आणि आपण थांबवलेल्या दोन. सिस्टिम रिस्टोअर बंद करून पुन्हा चालू करा, नाहीतर जुन्या रिस्टोअर पॉइंटमध्ये त्याची प्रत पडून राहते आणि सहा महिन्यांनी कुणीतरी उत्साही माणूस पीसी ‘मागच्या तारखेला’ नेतो. शेवटी पुन्हा डिस्क बाहेर काढून स्कॅन. कंटाळवाणं आहे, पण मी दर वेळी करतो.

पीसी झाला, पेनड्राइव्ह राहिला. शॉप फ्लोअरवर व्हीएमसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला, प्रोग्रॅम न्यायचा पेनड्राइव्ह बहुतेक ठिकाणी एकच असतो, हरवू नये म्हणून दोरीने मोठ्या नटला बांधलेला, कूलंटचा वास येणारा. तो स्वच्छ पीसीवर, शक्यतो लिनक्सवर, उघडून बघा. रिसायकलर नावाचं फोल्डर दिसलं तर समजा. पेनड्राइव्हला रिसायकल बिन नसतेच, तिथे त्या फोल्डरचं काही काम नाही. आत लांबलचक आकड्यांच्या नावाचं आणखी एक फोल्डर आणि त्यात व्हीएमएक्स एक्स्टेन्शनची फाइल. बाहेर ऑटोरन डॉट आयएनएफ. खरी ऑटोरन फाइल चार-पाच ओळींची असते, कॉन्फिकरची मात्र पन्नास-साठ किलोबाइटची, कचरा अक्षरं भरून फुगवलेली, म्हणजे कामाच्या दोन ओळी त्यात हरवून जाव्यात. पेनड्राइव्ह लावल्यावर उघडणाऱ्या खिडकीत ‘फोल्डर उघडा’ हा पर्याय दोनदा दिसायचा, फोल्डरचंच चित्र लावून. वरचा वर्म, खालचा खरा. माणूस पहिल्यावरच क्लिक करतो, त्यात ऑपरेटरला काय बोलणार.

सगळे पेनड्राइव्ह गोळा करा, अगदी ड्रॉवरमधले, बॅगेतले, गाडीच्या किल्लीला लावलेलेही. एकही सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. एक्सपीवर ऑटोरन पूर्ण बंद करायला ‘नो ड्राइव्ह टाइप ऑटोरन’ची किंमत २५५ करतात, पण केबी९६७७१५ नसेल तर एक्सपी ती नीट पाळत नाही. पॅचच्या यादीत तो मुद्दाम ठेवला त्याचं कारण हे. पेनड्राइव्हवर ऑटोरन डॉट आयएनएफ नावाचं रिकामं फोल्डर करून ठेवायची युक्ती बरेच जण सांगतात. मीही करतो, पण हळदीकुंकू म्हणून.

इतका वेळ एकाच पीसीत डोकं घातल्यावर क्रम सुटतो, म्हणून: केबल काढणं, इमेज, अहवालापुरतं स्कॅन, सीडीवरून पॅच, मग रजिस्ट्री, मग फाइल, मग पेनड्राइव्ह. रजिस्ट्री पाचव्या जागी आहे. विचारणाऱ्यांना नेहमी ती पहिली हवी असते.

पासवर्ड बदलायचे ते सगळी मशीन शांत झाल्यावर, आणि स्वच्छ मशीनवर बसून. वर्म जिवंत असताना बदललेला पासवर्ड वापरायला पहिला तोच असतो. डोमेनचं अॅडमिन खातं सर्व्हरपुरतं ठेवा. रोजच्या कामाच्या पीसीवर, विशेषतः शॉप फ्लोअरवर, त्याने लॉगिन करायचं नाही. सीएमएमचं सॉफ्टवेअर अॅडमिन अधिकाराशिवाय चालत नसेल तर त्या पीसीपुरतं लोकल खातं द्या.

राहिला प्रश्न त्या एक्सपीला पुन्हा नेटवर्कला लावायचं का. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला संपले. क्वालिटीचे रिपोर्ट ऑफिसात जायला हवेत हे मान्य, पण त्यासाठी लोक जे करतात ते मला घातक वाटतं. एक्सपी फक्त एसएमबीच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या भाषेच्या, पहिल्या आवृत्तीत बोलतो. विंडोज टेनच्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती येतच नाही, आणि मग कुणीतरी व्हिडिओ बघून ऑफिसच्या पीसीवर ती मुद्दाम चालू करतं. एका म्हाताऱ्याशी बोलता यावं म्हणून घराची सगळी दारं उघडी टाकण्यातला प्रकार. त्याऐवजी एका स्वच्छ पीसीवर छोटा एफटीपी सर्व्हर लावा, एफटीपी म्हणजे फाइल पाठवायची जुनी, साधी पद्धत. एक्सपीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एफटीपी आधीपासूनच आहे, रिपोर्ट तिथून ढकलता येतो. दोघांच्या मध्ये साधा फायरवॉल ठेवून १३५, १३९ आणि ४४५ ही पोर्ट बंद. हेही झेपत नसेल तर क्वालिटीसाठी एक वेगळा पेनड्राइव्ह, जो दुसरीकडे कुठेही लागणार नाही.

हे सगळं कॉन्फिकर धरून लिहिलंय. तुमच्या अँटिव्हायरसने दुसरंच नाव दाखवलं तर फाइलची आणि सर्व्हिसची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही. अपवाद एकच, फाइल कुलूपबंद करणारा. १२ मे २०१७ ला पसरलेला वॉनाक्राय हाही वर्मच, तोही ४४५ वरूनच, आणि त्याचाही पॅच दोन महिने आधी, १४ मार्चला आलेला. पण त्याची सर्व्हिस पुसली तरी कुलूप लागलेल्या फाइल उघडत नाहीत, तिथे बॅकअप हाच उपाय. एक उलटी गोष्टही लक्षात ठेवा: वॉनाक्राय सुरू होताना एक ठरावीक डोमेन गाठून बघायचा आणि ते सापडलं तर गप्प बसायचा. ज्या फायरवॉलवाल्यांनी ‘व्हायरसचं डोमेन’ म्हणून ते अडवलं त्यांनी स्वतःचंच नुकसान करून घेतलं. असं काही घडलं तर हाताने काढत बसू नका. केबल काढा, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे कळवायची मुदत कंपन्यांसाठी सहा तासांची आहे हे मालकांना सांगा.

सगळी मशीन एकदम जोडू नका. एक जोडा, अर्धा तास नेटस्टॅट आणि सर्व्हरचा लॉग बघा, मग दुसरं. नऊ पीसी म्हणजे एक सुट्टीचा दिवस. त्या दिवशी लाइटचं शटडाउन नाही ना, ते आधी बघा.

आणि एवढं करूनही ४७४० मध्ये अनोळखी नाव येत राहिलं तर पीसी पुन्हा मोजा. ‘नऊ’ हा आकडा तुम्हाला कुणी दिला? हजेरीच्या मशीनचा पीसी त्यात धरलाय का, सीसीटीव्हीचा, अकाउंटंट घरी नेतात तो लॅपटॉप? पिंपळगावला मालक छातीठोक आठ सांगत होते. अकरा नंबरची केबल भिंतीतून बाहेर पडून, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागून, फाटकाजवळच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये निघाली. टेबलाखाली पीसी चालू होता, मॉनिटर बंद, वर पावतीपुस्तकं रचलेली. वॉचमनकाका म्हणाले, ‘हा होय? हा तर गेल्या वर्षीपासून बंदच आहे, साहेब.’